‘सेल्फ’ मारला, पण गाडी उठेना: उतरलेल्या बॅटरीचा दोनशे वर्षांचा इतिहास

आजचा विषय बोनटखाली एका कोपऱ्यात गुपचूप बसलेला असतो. तो बिघडेपर्यंत त्याची आठवण कुणालाच येत नाही. गाडीची बॅटरी.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण मराठीत गाडी चालू करताना काय म्हणतो? ‘सेल्फ मार.’ स्कूटर असेल तर ‘किक मार.’ बॅटरी उतरली असेल तर ‘धक्का मार.’ आणि घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना विचारलंत तर ते म्हणतील, ‘हँडल मारायचो.’ गाडी बदलली, इंजिन बदललं, क्रियापद मात्र एकच राहिलं: मारणे. म्हणजे गाडी सुरू करणं हे अंगमेहनतीचं काम होतं, याची खूण भाषेत अजून शिल्लक आहे. मग हा ‘सेल्फ’ आला कुठून? ‘सेल्फ’ म्हणजे स्वतः. गाडी स्वतःच स्वतःला सुरू करते, ही एकेकाळी इतकी नवलाईची गोष्ट होती की त्या यंत्राचं नावच ‘सेल्फ स्टार्टर’ पडलं. आपण त्यातला अर्धा शब्द ठेवला आणि त्याला ‘मारणे’ जोडून टाकलं.

आता जरा मागे जाऊ.

आधी बॅटरी आली, गाडी नंतर

१८०० साली इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जस्त आणि चांदी किंवा तांबं अशा धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवले आणि सलग वाहणारी वीज मिळवली. शाळेच्या विज्ञानात आपण ज्याला ‘विद्युत घट’ म्हणतो, त्याची ही सुरुवात. पण यात एक अडचण होती. धातू झिजला की खेळ संपला. परत भरता येत नव्हतं. प्रीपेड होतं, पण रिचार्ज नव्हता.

रिचार्ज आला १८५९ मध्ये. गास्ताँ प्लाँते नावाच्या पंचवीस वर्षांच्या फ्रेंच संशोधकाने शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये वेगळं ठेवणारा थर घातला, त्यांची गुंडाळी केली आणि ती गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवली. या घटातून वीज काढता येत होती आणि उलट दिशेने वीज सोडली की तो पुन्हा भरत होता. १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत काढली, त्यामुळे जास्त वीज साठायला लागली आणि कारखान्यात बॅटऱ्या बनवणं सोपं झालं.

मला यातली गंमत ही वाटते: आज तुमच्या दारातल्या गाडीत जी बॅटरी आहे, ती मुळात तीच आहे. शिसं, ॲसिड, पाणी. आपण सॉफ्टवेअरवाले पाच वर्षांपूर्वीच्या कोडला ‘लेगसी’ म्हणून नाकं मुरडतो. इथे १८५९ चं डिझाइन अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

हँडलचे दिवस

सुरुवातीच्या पेट्रोल गाड्या सुरू करायला पुढे उभं राहून, लोखंडी हँडल इंजिनात अडकवून जोरात फिरवावं लागायचं. इंजिनाने वेळेआधी पेट घेतला तर हँडल उलटं फिरायचं आणि मनगट मोडायचं. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा पहिला धडा याचसाठी होता.

त्या काळात अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्याही रस्त्यावर होत्या. त्यांना हँडल लागत नव्हतं, धूर नव्हता, आवाज नव्हता. शहरात फिरायला त्या पेट्रोल गाडीपेक्षा सोयीच्या होत्या. मग पेट्रोल गाडी जिंकली कशी? स्वस्त पेट्रोल, लांबचा पल्ला, फोर्डचं मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन ही कारणं आहेतच. पण एक कारण बॅटरीच आहे.

चार्ल्स केटरिंग हा ओहायोतला इंजिनिअर. तो आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथे त्याने हँडल न फिरवता विजेवर चालणारं कॅश रजिस्टर तयार केलं होतं. त्यातून त्याला एक गोष्ट कळली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर दिवसभर चालायची गरज नाही, एक क्षण जोर लागतो. एवढ्याशा वेळापुरता लहान मोटरवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला तरी ती जळत नाही. हाच विचार त्याने गाडीला लावला. इंजिन फिरवायला मोठी मोटर लागेल, मोठी बॅटरी लागेल, म्हणून हे जमणारच नाही, अशी तोवर समजूत होती. केटरिंग म्हणाला, दोन-चार सेकंदांचाच तर प्रश्न आहे.

१९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याचा सेल्फ स्टार्टर आला. त्यातली खरी हुशारी अशी की इंजिन सुरू झाल्यावर तेच यंत्र उलटं काम करायचं, वीज बनवायचं आणि बॅटरी परत भरायचं. फोर्डच्या मॉडेल टीला हा स्टार्टर १९१९ मध्ये मिळाला. म्हणजे बघा, इलेक्ट्रिक गाडीला मागे टाकायला पेट्रोल गाडीने बॅटरीचीच मदत घेतली.

बॅटरी म्हणजे टाकी नाही, उधारीची वही आहे

इथे थोडं गणित करू. लहान पेट्रोल कारचा स्टार्टर साधारण १५० अँपिअर ओढतो असं धरा आणि गाडी तीन सेकंदांत सुरू होते असं धरा. ही झाली ०.१२५ अँपिअर-तास वीज. गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असेल तर तिच्यातला अर्धा टक्काही खर्च होत नाही.

ऊर्जेत सांगायचं तर तो खर्च साधारण सव्वा वॉट-तास. तुमच्या हातातल्या ५००० मिलीअँपिअर-तासाच्या फोनमध्ये साधारण १९ वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे हिशेबाने तुमच्या फोनमध्ये गाडी पंधरा वेळा सुरू करण्याइतकी ऊर्जा आहे! पण फोनची बॅटरी १५० अँपिअर एकदम देऊ शकत नाही. शिशाची जड, जुनाट बॅटरी ते देते. तिचं काम साठवण्यापेक्षा एकदम देण्याचं जास्त आहे.

आणि दिलेलं परत घ्यायचंही. गाडी चालू झाली की अल्टरनेटर ते कर्ज फेडतो. गावातल्या किराणा दुकानाच्या वहीसारखं आहे हे. महिनाअखेरीस पगार आला की खातं चुकतं. पण उचल चालू आणि भरणा बंद असं झालं, तर एक दिवस दुकानदार नाही म्हणतोच.

बंद गाडीसुद्धा उचल करत असते. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारं लॉक, गाडीतले छोटे कॉम्प्युटर. सगळं मिळून ४० मिलीअँपिअर धरू. एका दिवसात जेमतेम एक अँपिअर-तास. काहीच नाही वाटतं ना? आता २५ मार्च २०२० पासूनचा पहिला लॉकडाउन आठवा. २१ दिवस. ४० मिलीअँपिअरने २१ दिवसांत २० अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ च्या बॅटरीतले अर्ध्याहून जास्त. त्या एप्रिल-मेमध्ये देशभर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आणि गावांच्या अंगणांत गाड्या का उठत नव्हत्या, त्याचं उत्तर या एका गुणाकारात आहे.

विंझर, एप्रिल २०२०

आमचं गाव विंझर. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनी सोडलं की येतं. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा. मार्चमध्ये ऑफिसने घरून काम सांगितलं तेव्हा पुण्यातून मी गाडी घेऊन गावी आलो आणि मग रस्तेच बंद झाले. एप्रिलच्या शेवटी, पहाटे चारला, आजीच्या छातीत कळ आली आणि तिला घाम फुटला. ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागणार होता. आईने तिला उचलून गाडीत बसवलं. मी किल्ली फिरवली. ‘कट्’ असा एकच आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवेही गेले.

शेजारचे तात्या बॅटरी घेऊन आले, टॉर्चवाली. बोनटमध्ये बघून म्हणाले, “बॅटरी पार बसलीय. धक्का मारून उपयोग नाही. थांब, दुधाची गाडी येईल आता.”

दूध लॉकडाउनमध्येही चालू होतं. ती पंधरा मिनिटं किती मोठी असतात हे सांगता येणार नाही. आजी मागच्या सीटवर आईच्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि तात्यांच्या काकू तिचे तळपाय चोळत होत्या. पिकअप आली. ड्रायव्हर दादांकडे जाड केबल होती. त्यांनी मला वायरला हातही लावू दिला नाही. “तुम्ही आत बसा. मी सांगितल्यावरच सेल्फ मारा.” पाच मिनिटं पिकअपचं इंजिन चालू ठेवून त्यांनी हात वर केला आणि गाडी पहिल्या झटक्यात उठली. चौकीवर थांबवलं, पण आजीकडे बघून लगेच सोडलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. चार दिवसांनी आजी घरी आली.

तात्यांनी त्या अंधारात, कुठलंही मीटर न लावता, धक्का मारायचा नाही हे कसं ओळखलं? जुन्या जीपला पुरेसा धक्का मिळाला की ती निघायची, कारण कार्ब्युरेटरला वीज लागत नाही आणि स्पार्कपुरती थोडीशी वीज पुरते. आजच्या गाडीत पेट्रोल पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर सगळं विजेवर. दिवेच पूर्ण गेले असतील तर धक्का मारून माणसं फक्त दमतात. तात्यांनी आयुष्यात जीप, ट्रॅक्टर, टेम्पो सगळं चालवलंय. डॅशबोर्ड काळा पडलेला बघून त्यांना पुरे झालं.

महाराष्ट्रातली बॅटरी

हे ज्ञान आपल्याकडे आलं कुठून? गाड्या इथे बनायला लागल्या तेव्हापासून. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इथूनच फियाट आणि मग प्रीमियर पद्मिनी आली. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. मुंबईतच महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली. जीप आणि ॲम्बॅसेडर या दोन्ही गाड्यांना सेल्फ होता, पण हँडलची सोयही ठेवलेली होती. बॅटरीवर पूर्ण भरवसा कुणाचाच नव्हता.

बॅटरी बनवणारे कारखानेही आले. आज आपण एक्साइड म्हणतो त्या कंपनीचा पहिला कारखाना बंगालमध्ये होता, दुसरा १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला उभा राहिला. आणि गावोगावी ‘बॅटरीवाला’ तयार झाला. तेव्हाच्या बॅटरीचं खोकं काळ्या कडक रबराचं, वरून डांबराने बंद केलेलं. एक घट खराब झाला तर डांबर तापवून तेवढाच उघडायचा, प्लेटा बदलायच्या आणि पुन्हा बंद करायचा. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, त्या काळात जुनं टिकवणं हाच धंदा होता.

खेड्यात तर बॅटरीचा उपयोग गाडीपलीकडे गेला. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. जिथे वीज नव्हती किंवा नेमकी रविवारी सकाळी जायची, तिथे ट्रॅक्टरची नाहीतर जीपची बॅटरी काढून तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावला जायचा. कार्यक्रम संपल्यावर सोमवारी कुणाची तरी गाडी उठायची नाही, पण त्याबद्दल कुणी तक्रार करत नसे!

मग घरी बॅटरी उतरली तर?

आता कामाचं. हा भाग सेव्ह करून ठेवा.

पहिलं, निदान. किल्ली फिरवल्यावर ‘कट्-कट्-कट्’ येतंय आणि दिवे मंद होतायत, तर बॅटरी उतरलीय. दिवे झकास आहेत पण सेल्फ गप्प, तर दोष दुसरीकडे असू शकतो. आधी टर्मिनल हलवून बघा. सैल असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवट पावडर जमली असेल, तर कधीकधी आजार तेवढाच असतो. मल्टिमीटर असेल तर मोजा: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.

दुसरं, दुसऱ्या गाडीवरून सुरू करणं. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात. कार, पिकअप, बहुतेक ट्रॅक्टर चालतील. ट्रक आणि एसटी २४ व्होल्टच्या असतात, त्यांना जोडायचं नाही, गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळतील. दोन्ही इंजिनं बंद, गाड्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. असं का? शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. ती ठिणगी बॅटरीजवळ नको. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलटा क्रम. बॅटरी फुगलेली, चिरलेली किंवा गळत असेल तर यातलं काहीही करू नका, मेकॅनिकला बोलवा.

तिसरं, धक्का. फक्त गिअरवाल्या गाडीला आणि दिवे थोडे तरी जिवंत असतील तरच. किल्ली चालू, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. गाडीने वेग घेतला की क्लच सोडा, इंजिनने पकडलं की लगेच परत दाबा. पहिला गिअर नको, झटका जास्त बसतो. ऑटोमॅटिक गाडीला हा मार्ग नाही. आमच्याकडे डोंगराळ भागात लोक गाडी मुद्दाम उताराला तोंड करून लावतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

चौथं, आणि हे बरेच जण विसरतात: गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नाही. एका स्टार्टचं कर्ज अल्टरनेटर मिनिटभरात फेडतो, पण २० अँपिअर-तासांची थकबाकी गावात एक चक्कर मारून फिटत नाही. त्याला लांबचा प्रवास किंवा चार्जरवर रात्रभर ठेवणं लागतं, तेही हवेशीर जागेत. उतरलेली बॅटरी तशीच आठवडाभर पडू देऊ नका. वीज जाताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ते ताजं असेपर्यंत चार्ज केल्यावर विरघळतं, शिळं झालं की त्याचे कडक खडे होतात आणि मग ती बॅटरी पुन्हा पूर्ण भरत नाही.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनसचं टर्मिनल काढून ठेवा. दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटं. आणि जुनी बॅटरी उघडत बसू नका, कुठेही टाकू नका. शिसं विषारी आहे. २००१ पासून आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत, २०२२ मध्ये ते आणखी कडक झाले. दुकानदाराला परत द्या, नव्या बॅटरीच्या किमतीत सूटही मिळते.

इलेक्ट्रिक गाडी घेतली की सुटलो?

नाही! बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. दार उघडणं, कॉम्प्युटर जागा करणं, मोठ्या बॅटरीचा स्विच ओढणं हे तीच करते. ती उतरली तर खाली तीनशे किलोमीटरची वीज भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही.

हँडलला एक ताकदवान माणूस लागायचा. धक्क्याला चार माणसं लागायची. सेल्फने सांगितलं, कुणीच नको, तू एकटा पुरेसा आहेस. एकशे दहा वर्षं आपण त्यावर विश्वास ठेवलाय आणि बहुतेक दिवशी तो खराही ठरतो. पण ज्या दिवशी ठरत नाही, त्या दिवशी रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फोनमध्ये असला तरी विंझरसारख्या गावात पहाटे चारला तो माणूस पोचायला वेळ लागतो. शेजारच्या घरात ट्रॅक्टर कुणाकडे आहे, केबल कुणाकडे आहे, दुधाची गाडी कधी येते, हे माहीत असणं ही तिथली खरी बॅकअप सिस्टिम आहे. शहरात तुमच्या मजल्यावर कुणाकडे जंपर केबल आहे, ते आजच विचारून ठेवा. नसेल कुणाकडे, तर सगळ्यांनी मिळून एक जाड, चांगल्या तांब्याची घ्या.

आणि या आठवड्यासाठी एक गृहपाठ. घरातल्या आजोबांना, मामांना, गावातल्या जुन्या ड्रायव्हरांना विचारा, तुम्ही हँडल मारलंय का? अंगठा कुठे ठेवायचा? त्यांचं उत्तर फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. चांगले आवाज जमले तर त्यांचाच एक भाग करू. तोपर्यंत गाडी आठवड्यातून एकदा तरी चांगली अर्धा-पाऊण तास फिरवून आणा. भेटू पुढच्या भागात!